उसाला गेलेल्यांची नावं

आत्याला गप्प मी बसवलं. हे आधीच सांगून टाकतो. पुढे तिच्याबद्दल जे काही मायेने लिहीन ते वाचून तुम्ही मला तिचा कुणी जवळचा माणूस समजाल, आणि तो माझा आणखी एक खोटेपणा होईल. माझ्याकडे आधीचेच पुरेसे आहेत.

आमच्या चर्चमध्ये बायकांच्या सतरंजीच्या कडेला एक लाकडी खांब आहे. पत्र्याला मध्ये आधार हवा म्हणून कधीतरी उभा केलेला. रविवारच्या मिसेत विनंत्यांची वेळ झाली की आत्या गुडघ्यावर हात टेकून उठायची, तो खांब धरायची, डोळे मिटायची आणि म्हणायची, "उसाला गेलेले." मग एकेक नाव यायचं. "याकोब आन त्याची बायकू, हाईत. मार्था आन तिचा नवरा, हाईत. भास्कर आन त्याची बायकू, हाईत." प्रत्येक नावापाठोपाठ हाईत. शाळेत हजेरी घ्यावी आणि न आलेल्यांच्या वतीने दुसऱ्याच कुणीतरी 'हजर' म्हणावं, तसं.

एकदा मी तिला म्हणालो होतो, "आत्या, ते इथे नाहीत. मग हाईत कशाला म्हणता?"

"हितं न्हाईत म्हनून तर म्हनायचं," ती म्हणाली. "हितं असलेल्याला कशाला म्हनावं? त्यो दिसतोय की."

आमचं गाव पाटोदा तालुक्यातलं, डोंगराच्या अंगावरचं. दसरा झाला की आमच्या आळीतली निम्म्याहून जास्त घरं कुलपात जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादमाच्या टोळीत असे कोयते मोजून ट्रकमध्ये चढवले जातात आणि वैशाखात परत येतात. तोवर रविवारी चर्चमध्ये म्हातारी माणसं, शाळेतली पोरं आणि माझ्यासारखे दोनचार नोकरीवाले. नाताळातसुद्धा पुरुषांच्या बाजूची सतरंजी अर्धी रिकामी. त्या रिकाम्या सतरंजीवर आत्या नावं बसवायची.

तिच्या त्या नावांच्या मध्ये एक खंड असायचा. दरवेळी त्याच जागी. भास्करच्या नावानंतर ती थांबायची, दोन-तीन श्वास घ्यायची, कधी पदराने तोंड पुसायची, आणि मग पुढचं नाव. नवीन आलेल्या फादरांना वाटायचं, विसरली. ते हळूच पुढचं म्हणायला तोंड उघडायचे आणि आत्या डोळे न उघडता हात वर करायची. थांबा. फादर थांबायचे.

तेव्हाचे आमचे फादर दक्षिणेकडचे. मराठी पुस्तकातून शिकलेले, त्यामुळे आमच्यापेक्षा शुद्ध बोलायचे. त्यांनी एकदा तिला विचारलं, "आत्या, आपल्या प्रार्थनेच्या अखेरीस आमेन का येत नाही?"

"आमेन बाकी हाय, फादर."

"बाकी म्हणजे?"

"समदे घरी आले की म्हनते."

आणि खरंच म्हणायची. वैशाखात शेवटची टोळी उतरली, की त्यानंतरच्या रविवारी ती खांबापाशी उभी राहून एवढ्या मोठ्याने "आमेन" म्हणायची, की पत्र्यावरची कबुतरं उडायची. पोरं त्या एका रविवारची वाट बघायची.

ती कुणाची आत्या, ते कुणालाच नक्की माहीत नव्हतं. नवरा तरुणपणीच गेलेला, मूलबाळ नाही. आळीच्या अगदी टोकाला तिचं एका खोलीचं घर. चर्च झाडायचं, घंटा वाजवायची, वेदीवरची फुलं बदलायची, फुलं नसली तर कडुलिंबाचा डहाळा ठेवायचा, ही तिची कामं. ती कुणी नेमून दिलेली नव्हती. दुष्काळाच्या त्या दोन वर्षांत टँकर दिवसाआड यायचा, पण चर्चच्या दारातल्या पवित्र पाण्याच्या वाडग्यात ती आपल्या घागरीतलं तांब्याभर पाणी ओतायचीच. एकदा दोन लहान पोरं तो वाडगा तोंडाला लावून पीत असलेली मला दिसली. मी ओरडलो. आत्या झाडू घेऊन आली, बघितलं, आणि मलाच म्हणाली, "पिऊ दे की बे. आपून वरून शिंपडतो, ती आतून शिंपडत्यात."

उपदेशाच्या वेळी ती झोपायची. साधी झोप नाही, घोरायची. पण विनंत्यांच्या आधी एक वाक्य असताना तिला जाग यायची. आम्ही पोरं असताना यावर पैजा लावल्या होत्या. ती कधीच चुकली नाही.

तर हिला मी गप्प बसवलं.

मी तेव्हा तिशीत होतो. मिशनच्या बोर्डिंगात शिकून सहकारी साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात कारकून झालो होतो. पॅन्ट-शर्टला इस्त्री, खिशाला पेन. आळीत पहिला स्लॅब माझ्या घरावर पडला. चर्चच्या कमिटीचा सेक्रेटरी झालो, कारण अर्ज लिहायला मीच होतो. आणि तिच्या यादीतला तो भास्कर, ज्याच्या नावानंतर ती थांबायची, तो माझा थोरला भाऊ. मला बोर्डिंगात ठेवायचं म्हणून त्याने सातवीत शाळा सोडली आणि कोयता धरला. तो कोयता पुढे त्याच्या हातातून सुटलाच नाही.

बिशप यायचे होते, पोरांच्या दृढीकरणासाठी, म्हणजे लहानपणीचा बाप्तिस्मा पक्का करायच्या विधीसाठी. मी कार्यक्रमपत्रिका पाटोद्याहून छापून आणली. कारखान्याच्या संचालकांनाही आमंत्रण दिलं होतं. ते हिंदू, शेतीवाडीवाले, तालुक्यात वजन असलेले. आमचं चर्च कसं शिस्तीत चालतं ते त्यांना दिसावं, असं मला वाटत होतं. आदल्या दिवशी आत्या झाडत होती. मी पत्रिका घेऊन गेलो.

"आत्या, उद्या नावं नकोत."

"कावून?"

"वेळ नाही. बिशपांना पुढे जायचंय. तुमच्या सगळ्या नावांचं मिळून एकच वाक्य केलंय, हे बघा."

"मला काय दिसतंय त्यात. वाच बरं."

मी वाचलं, "रोजगारासाठी स्थलांतरित झालेल्या आपल्या सर्व बंधुभगिनींसाठी आपण प्रार्थना करू या."

तिने झाडू खांबाला टेकवला. "ह्यात भास्कर कुटं हाय?"

"सगळेच आले त्यात, आत्या."

"समदे आले मंजी कुनीच न्हाई आलं बाबा."

मी हसलो. म्हणालो, फक्त उद्याच्या दिवस. तिने झाडू पुन्हा उचलला. दुसऱ्या दिवशी संचालक पुढच्या खुर्चीवर बसले, एका शिक्षिकेने ते वाक्य वाचलं, सगळं वेळेत झालं. जाताना संचालक म्हणाले, "छान शिस्त हाय तुमच्याकडं." तेवढ्यासाठी मी ते केलं होतं, असं आज वाटतं.

पण खरं कारण त्याच्याही आतलं आहे. ते लिहायला मला फार वर्षं लागली. दर रविवारी "भास्कर आन त्याची बायकू, हाईत" म्हटलं, की चर्चमधली दोन-चार डोकी माझ्याकडे वळायची. सहज वळायची, मनात काही नसायचं. पण मला ते मानेवर जाणवायचं. हा इस्त्रीवाला, आणि ह्याचा भाऊ उसात. मला ते नाव ऐकायला नको होतं. वेळ, शिस्त, बिशप, हे सगळं मी त्यावर घातलेलं पांघरूण होतं.

पुढच्या रविवारी आत्या नेहमीसारखी उठली, खांब धरला, डोळे मिटले. मी पुढून शिक्षिकेला खूण केली. तिने छापलेलं वाक्य वाचलं. सगळ्यांनी "प्रभो, आमची प्रार्थना ऐक" म्हटलं. आत्या खांब धरून उभीच राहिली. अर्पणाचं गाणं सुरू झालं, पेटी वाजायला लागली, तशी ती हळूहळू खाली बसली. फादरांनी नंतर मला विचारलं. मी म्हणालो, लोकांनाही हेच बरं वाटतं. त्या लोकांतले निम्मे तर तिथे नव्हतेच.

त्याच्या पुढच्या रविवारीही ती उठली आणि तशीच बसली. तिसऱ्या रविवारी घंटा वाजली नाही. फादरांनीच येऊन वाजवली. तिच्या घराला कुलूप. शेजारणीने सांगितलं, पाठीमागून गेलेल्या ट्रकमधून ती माझ्या भावाच्या टोळीकडे गेली. वहिनीचं लेकरू अंगावरचं होतं, ते सांभाळायला.

"ह्या वयात?" मी म्हणालो.

"मी बी तेच म्हनले," शेजारीण म्हणाली. "तर मला म्हनती कशी, नाव घ्यायचं न्हाई तर जाऊन तोंड तरी बघते."

नाताळ झाला. आमच्या भागातला ऊस त्या वर्षी जनावरांच्या छावण्यांना चारा म्हणून गेला होता, कारखान्याची चिमणी पेटलीच नव्हती; आम्ही कारकून नुसते हजेरीला जायचो. फादर म्हणाले, "आपल्याकडे वेळ आहे. टोळीवर जाऊन या. नव्या वर्षाची कॅलेंडरं द्या, थोडा फराळ द्या." दरवर्षी कुणीतरी जायचं, त्या वर्षी मला नाही म्हणता आलं नाही. सगळ्या वाटेत एसटीत बसून मी एकच विचार करत होतो. आत्याने सांगितलं असेल. दादाला कळलं असेल.

रविवारी सकाळी पोचलो. तिकडे नदीकाठ. पाटातून पाणी वाहत होतं, आणि कुणी त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हतं. आपल्याकडे टँकरमागे धावणारी माणसं आणि इथे हे. मी पाटात हात घातला आणि बराच वेळ काढलाच नाही. मग टोळीच्या पाचटाच्या झोपड्या, कोप्या दिसल्या. एका कोपीपुढे आत्या बसली होती, मांडीवर भावाचं लेकरू, भोवती टोळीतली आणखी तीन-चार बारकी पोरं. मला बघून तिने नुसती मान हलवली. "आला व्हय."

पलीकडेच फड होता. दादा उसात वाकलेला होता. त्याने मला लांबून हात केला आणि पुन्हा वाकला. वहिनी लेकराला पाजायला म्हणून आली. घामेजलेली, हातांना उसाच्या पात्याने कापलेलं. मी कॅलेंडर दिलं, फराळाचा डबा दिला. तिने कॅलेंडरवरच्या मारियेच्या चित्राला हात लावून कपाळाला लावला. आणि लेकरू पदराखाली घेता घेता म्हणाली,

"भावजी, एक इचारू का? आत्या तर हितं आल्या. मंग तिकडं आमची नावं कोन घेतंय?"

म्हणजे आत्याने सांगितलं नव्हतं. दीड महिना एका कोपीत राहून सांगितलं नव्हतं.

मी आत्याकडे बघितलं. ती तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"मी घेतो," मी म्हणालो.

वहिनीचा चेहरा एकदम हलका झाला. "तुमी? खरंच?" ती आत्याकडे वळली. "आत्या, आयकलं का, भावजी घेत्यात."

"घेतो तर," आत्या म्हणाली. तांदळातला एक खडा तिने बोटाने बाजूला सारला. "मीच शिकवलंय त्याला."

तिने मला वाचवलं. त्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहून ठेवतो. लाज नंतर आली.

मग नऊ वाजायला आले. आमच्या गावात मिसा साडेआठची, विनंत्या नऊच्या सुमाराला. वहिनीने कोपीत डोकावून घड्याळ बघितलं आणि फडाकडे तोंड करून हाक मारली. उसातून एकेक जण उभा राहिला. आमच्या आळीतले सगळे. त्यांनी कोयते खाली ठेवले. मुकादम बांधावर बिडी ओढत होता, तो आमच्यातला नाही, तोही काही बोलला नाही. त्याला सवय झालेली दिसली. दादा टोपी काढून उभा राहिला. वहिनी माझ्या कानाशी म्हणाली, "आता तिकडं आपली नावं चालली असत्याल. इतका येळ आमी उभं ऱ्हातो. सुरुवातीपासनंच ऱ्हातो. लई बरं वाटतं बघा."

सुरुवातीपासून. म्हणजे सगळे रविवार.

आत्या उठली. तिथे खांब नव्हता, तिने कोपीची मेढ धरली. डोळे मिटले आणि म्हणाली, "गावात ऱ्हायलेले." आणि एकेक म्हातारं, एकेक शाळेतलं पोर, ज्याला मागे ठेवून हे आले होते, त्या सगळ्यांची नावं सुरू झाली. याकोबची आई, हाय. मार्थाच्या दोन्ही पोरी, हाईत. बायका पदर तोंडाला लावून ऐकत होत्या. तिचा आवाज आमच्या घराजवळ येतोय, हे मला कसं कोण जाणे आधीच कळलं.

"भास्करचा धाकला, हाय."

टोळी हसली. कुणीतरी म्हणालं, "आत्या, त्यो तर हितंच उभा हाय की!"

तिने एक डोळा उघडून मला बघितलं. "असू दे. रोजच्याला घेते, आज कावून सोडू?"

आणि डोळा मिटून पुढे गेली. दादा हसत हसत माझ्याकडे बघत होता. आपल्या भावाचं नाव घेतलं जातंय याचा त्याला आनंद झाला होता. त्याला कधी माझी लाज वाटली नव्हती.

मी दुपारच्या गाडीने परत आलो. पुढच्या रविवारी मी विनंत्यांच्या वेळी उठलो. खांबापर्यंत गेलो. "उसाला गेलेले," एवढं म्हणालो. सगळे माझ्याकडे बघत होते, फादरही. मला एकही नाव आठवेना. जी आठवली ती एकमेकांत गुंतलेली. मी छापलेलं वाक्य म्हटलं आणि जागेवर येऊन बसलो. नावं कागदावर लिहून आणता आली असती. आणली नाहीत. पुन्हा सुरू करायचं म्हणजे बंद का केली होती ते कुणीतरी विचारलं असतं. असे मी सगळे रविवार घालवले. दर रविवारी नऊ वाजता मला फड दिसायचा, खाली ठेवलेले कोयते दिसायचे, आणि मी पुढच्या रांगेत हात जोडून बसलेला असायचो. माणूस अशानेही थकतो. उसात न जाता थकतो.

वैशाखात टोळ्या उतरल्या. आत्याही आली, पण दादाने तिला पाठीवर घेऊन ट्रकमधून उतरवलं. छातीत खोकला बसलेला. पहिल्या रविवारी सगळं चर्च भरलं. विनंत्यांच्या वेळी पोरांनी माना वळवल्या, कबुतरं उडायची वाट बघत. आत्या खांबापाशी बसूनच राहिली.

"आत्या, आमेन म्हना की," कुणीतरी म्हणालं. "समदे आले."

"एक जन यायचा हाय अजून," ती म्हणाली.

लोक एकमेकांकडे बघायला लागले. कोण राहिलं, कोण राहिलं, म्हणून बोटांवर हिशेब लावायला लागले. मी सतरंजीकडे बघत होतो.

त्या संध्याकाळी मी तिच्या घरी गेलो. ती दारात बाजेवर पडली होती. मी म्हणालो, "आत्या, माझं चुकलं."

"काय चुकलं?"

मी सांगितलं. भावाच्या नावाची लाज वाटायची, तेही सांगितलं. ते मी फादरांजवळ कबुलीतही कधी बोललो नव्हतो. ती ऐकत होती. खोकला आला की हात वर करायची, थांब. खोकून झालं की हात खाली, बोल. सगळं संपल्यावर म्हणाली,

"मला कावून सांगतोस? माझं नाव थोडंच गाळलं तू. ज्यांची गाळली त्यांना सांग."

"तुम्ही का नाही सांगितलं त्यांना? तिथे असताना?"

"हातात कोयता असताना असलं सांगू न्हाई मानसाला. कवा कुटं लागंल." मग म्हणाली, "आन ते तुजं सांगनं हाय. मी कावून सांगू?"

त्या उन्हाळ्यात मी तिच्याकडे रोज जायला लागलो. ती मला नावं शिकवायची. मी वही काढली तर हसली. "लिवू नगं. पाठबी करू नगं. चालत जायचं."

"म्हणजे?"

"डोळे मिट. चर्चच्या दारातनं भाईर पड. उजव्या अंगाला पहिलं घर कुनाचं?"

"याकोबचं."

"कडी बघ. कुलूप हाय? मंग नाव घे. पुढं चल."

तेव्हा मला कळलं. इतकी वर्षं खांब धरून, डोळे मिटून ती आमच्या आळीतून चालत जात होती. एकेका कुलपापाशी थांबत होती. मी विचारलं, "मग दादाच्या नावानंतर तुम्ही थांबायचा, ते काय?"

"तितं हापसा न्हाई का. चढ हाय. दम लागतो मला."

मी हसलो, तीही हसली, आणि मग तिला खोकला आला.

जायला उठलो, की दर वेळी विचारायची, "सांगितलं का?" मी म्हणायचो, सांगतो. "कवा?" पुढच्या रविवारी. ती मान हलवायची. "बरं. आमेन बाकी हाय." चिडून कधीच म्हणाली नाही. चिडली असती तर सोपं गेलं असतं.

त्या वर्षीही पाऊस आला नाही. भाद्रपदात, टँकरच्या दिवशी, ती गेली. घागर नंबराला लावून ठेवली होती, ती तशीच रांगेत पुढे सरकत गेली. शेजारणीने भरून आणली, तेव्हा कळलं. मातीच्या वेळी फादरांनी आळीला तिचं नाव विचारलं. आत्या, एवढंच माहीत. मी बाप्तिस्म्याच्या जुन्या नोंदींत शोधून काढलं. आयुष्यभर तिला त्या नावाने कुणी हाक मारली नसावी. ते मी इथे लिहीत नाही. ते त्या आळीतल्या शेवटच्या कुलपाचं नाव आहे, खांब धरून घ्यायचं.

टोळ्या निघायच्या आधीच्या रविवारी आमच्याकडे कोयत्यांना आशीर्वाद देतात. सगळे आपापले कोयते फडक्यात गुंडाळून आणतात आणि वेदीपुढे ओळीने ठेवतात. फादर त्यांच्यावर पवित्र पाणी शिंपडतात. त्या रविवारी दारातला वाडगा कोरडा होता. कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. मी घरी जाऊन तांब्याभर पाणी आणलं आणि ओतलं.

चर्च भरलेलं होतं. दादा पुढे बसला होता, वहिनी खांबाच्या जवळ, लेकरू आता रांगत होतं. कोयते अजून वेदीपुढे होते, कुणाच्या हातात नव्हते. विनंत्यांची वेळ झाली. शिक्षिका कागद घेऊन उठली, मी तिला हाताने बसवलं. बायकांच्या बाजूला गेलो आणि खांब धरला. जिथे तिचा हात असायचा तिथे लाकूड गुळगुळीत झालं होतं. डोळे मिटले नाहीत. आधी त्यांच्याकडे बघून बोलायचं होतं. छापून आणलेली भाषा तोंडात आली नाही. मी म्हणालो:

"नावं घ्यायच्या आदी मला कायतरी सांगायचं हाय. मागच्या साली तुमी उसाला गेला व्हता, तवा हितं तुमची नावं घेतली न्हाईत. आत्याला मी गप बसवलं. येळ लागतो म्हनून न्हाई. दादा, तुजं नाव आयकायची मला लाज वाटत व्हती, म्हनून. वैनी, तुमी मला फडात इचारलं, नावं कोन घेतंय. मी म्हनलो, मी घेतो. मी खोटं बोललो. आत्या माझ्यासाठी तुमच्याम्होरं खोटं बोलली. तुमी दर रविवारी कोयते खाली ठिवून उभं ऱ्हायला, आन हितं तुमचं नाव कुनी घेत नव्हतं. बिशप येऊन गेल्यापासनं एकाबी रविवारी न्हाई. माझं चुकलं. दादा, वैनी, तुमी समद्यांनी मला माफ करा."